तो अडून बसलेला नाही

मजीदचाचांसमोर 'देवाची मर्जी' म्हणायची चोरी होती. कोणी म्हटलंच तर ते हातातला पाना खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "कोनती?" समोरचा गोंधळून जाई. कोणती म्हणजे? मर्जी ती मर्जी. पण चाचा सोडत नसत. "मानूस मेला का तुमी मर्जी म्हनता. गारा पडल्या का मर्जी म्हनता. पोरगी चांगल्या घरात पडली, गाय दोन्ही टाइम दूध देऊन राह्यली, तवा कोनाच्याच तोंडून मर्जी निघत नाही. त्यानं काय फक्त मयतीतच मर्जी दाखवाची का?"

दुसरबीडला माझं मेडिकल आणि चाचांचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि तीही पत्र्याची. त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं मला ऐकू येई आणि माझ्याकडे कोणाला कसली गोळी लागते हे त्यांना कळे. चाचा फवारणीचे पंप दुरुस्त करत. पाठीवर अडकवायचे, एका हाताने दांडा मारायचे आणि दुसऱ्या हाताने नळी फिरवायचे ते पंप. आमच्या भागात कपाशी आहे तिथे हा पंप आहे, आणि पंप आहे तिथे तो कधी ना कधी गळणार आहे. चाचांची दाढी पांढरीशुभ्र होती, पण भुवया काळ्या कुळकुळीत राहिल्या होत्या. त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, म्हातारा भयंकर तापट असणार. मग ते बोलायला लागत आणि माणूस स्टूल ओढून बसे.

त्यांची कामाची एक रीत होती. पंप दुरुस्त झाला की त्यात साधं पाणी भरायचं, पट्टे खांद्याला अडकवायचे आणि आमच्या दुकानांच्या ओळीपासून पलीकडच्या पिंपळापर्यंत दांडा मारत जाऊन परत यायचं. अंगात कायम फिक्या निळ्या रंगाचा सदरा. तो मुद्दाम घालत, कारण त्यावर थेंबभर पाणी सांडलं तरी डाग दिसतो. परत आले की माझ्या काउंटरकडे पाठ करून उभे राहत.

"भाऊ, पाहा बरं."

मी गिऱ्हाईक थांबवून त्यांची पाठ पाहायची. कोरडी असली तर पंप पास. ओली असली तर पुन्हा पंप खोलायचा, पुन्हा वायसर बदलायचा, पुन्हा पिंपळापर्यंत फेरी. लोकांना घाई असे, ढग आलेले असत, मजूर बांधावर खोळंबलेले असत. चाचांना त्याचं सोयरसुतक नसे. ते म्हणत, "माझ्या पाठीवर पानी गळलं त चालते. त्याच्या पाठीवर जहर गळंल."

या फेरीत त्यांचे ओठ हलत. माझी समजूत होती की म्हातारा एखादी कव्वाली गुणगुणतो. एकदा विचारलं, तर म्हणाले, "ज्याचा पंप आहे, त्याच्यासाठी मागून राह्यलो." मग मला उलगडलं की पंप टाकायला आलेल्या माणसाची ते एवढी चौकशी का करतात. पोरीचा ताप उतरला का, म्हैस उठली का, भावासोबत बोलणं सुरू झालं का. मी आपला समजत होतो, रिकामटेकडी सवय आहे. ती त्यांची तयारी होती.

"अल्लाले गोल गोल सांगू नाही," ते मला एकदा समजावत होते. "तुमच्या दुकानात कोनी आलं अन् म्हनलं, भाऊ, काईतरी द्या, बरं नाही वाटून राह्यलं. तुमी काय देसान?"

"विचारीन, काय होते म्हणून."

"बस. म्या पहिलेच सांगून देतो. त्याचा टाइम वाचते."

मी देवभोळा माणूस नाही. वडिलांच्या फोटोला हार घालतो तेवढीच माझी भक्ती. त्यामुळे चाचांची फिरकी घ्यायला मला आवडे. गावात सरपंचपदाची निवडणूक लागली तेव्हा दोन्ही पार्ट्यांचे उमेदवार एकाच दिवशी त्यांच्याकडे येऊन गेले, दुआ करा म्हणून. मी म्हटलं, "चाचा, आता तुमच्या अल्लाची पंचाईत. दोघांचं कसं ऐकणार?" चाचांनी शांतपणे चहा बशीत ओतला. "दोघाईसाठी मागितलं. जो पडंल त्याले झोप लागू दे, अन् जो येईल त्याले झोप लागू नको देऊ." निवडून आलेला माणूस पुढे बरेच दिवस रस्त्याच्या कामावर हजर दिसायचा, एवढं मी पाहिलं. त्याच्या झोपेची मला कल्पना नाही.

बीटी कपाशीचं बियाणं आलं तेव्हाची गोष्ट तर मी अजून लोकांना सांगतो. हे बियाणं लावलं की बोंडअळीचं नावच नाही, फवारणीची कटकट संपली, असं सगळीकडे बोललं जाऊ लागलं. मी चाचांना म्हटलं, "तुमचा धंदा बसला आता." तर त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, "भाऊ, हेच त मागत होतो म्या. पाठीवरचा पंप उतरू दे, हेच." पहिल्या काही हंगामांत खरंच पंप कमी यायला लागले. चाचा दिवसभर दुकानात पेंगत. मधूनच जागे होऊन दुकानाकडे नजर टाकत आणि खूश होत. स्वतःचं दुकान ओस पडावं म्हणून दुआ मागणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही.

पण ते सुख टिकलं नाही. आधी मावा, तुडतुडे आणि पांढरी माशी वाढली, मग गुलाबी बोंडअळीही आली. फवारणी थांबली तर नाहीच, एका औषधात दुसरं मिसळून मारायची नवी रीत पडली. चाचांच्या दुकानासमोर पंपांची रांग लागली. धंदा कधी नव्हे इतका तेजीत होता आणि चाचांचं तोंड उतरलं होतं. मी विचारलं, "आता काय म्हणता? दिलेलं परत घेतलं की तुमच्या देवानं." त्यांनी नळीच्या टोकाचं नोझल पुसायला घेतलं. मग म्हणाले, "माह्यं मागनं संपलं नाही अजून. तुमी मधातच निकाल काऊन लावता?"

त्या दिवसांत त्यांनी एक नवी गोष्ट सुरू केली. नोझलमध्ये कचरा अडकला की आमचे फवारणी करणारे लोक ते काढतात, तोंडाला लावतात आणि जोरात फुंकतात. वर्षानुवर्षं चालत आलेली सवय. औषध तोंडात जातं हे त्यांना कळत नाही असं नाही, पण शेताच्या मधोमध दुसरं करणार काय? चाचांनी खराटा मोकळा करून त्याच्या काड्या काढल्या आणि दुरुस्त केलेल्या प्रत्येक पंपाच्या पट्ट्याला सुतळीने एक काडी बांधून द्यायला लागले. नोझल अडकलं की ही काडी घालायची, तोंड लावायचं नाही. पंप हातात देताना हे वाक्य ते ठरलेल्या सुरात म्हणत. पोरं त्यांची नक्कल करत. मी म्हटलं, "एवढी दुआ मागता, मग काडी कशाले?" म्हणाले, "त्यानंच सुचवली. आता त्याची सुचवलेली काडी बांधू नको का?"

आता देविदासची गोष्ट.

देविदासला स्वतःचं शेत नव्हतं. तो रोजाने लोकांच्या शेतात फवारणी करायचा. काटक, हसरा, कामाला वाघ. त्याची बायको सुनीता बाजारात भाजी विकायची, आणि तिची जीभ तिच्या मिरच्यांहून तिखट होती. एका दुपारी बातमी आली की देविदास फवारता फवारता शेतात कोसळला. तोंडाला फेस आला, धाप लागली. त्याला तसाच जीपमध्ये घालून जालन्याला सरकारी दवाखान्यात नेलं. त्याच्यासोबत कामावर असलेला माणूस आमच्या ओळीसमोर उभा राहून सगळ्यांना सांगत होता, "नोझल चोंदलं. त्यानं पट्ट्यापाशी काडी चाचपली, त काडीच नव्हती. मंग तोंड लावून फुकलं. दोनदा फुकलं."

चाचांनी हे ऐकलं. देविदासचा पंप आदल्याच दिवशी त्यांच्याकडून गेला होता. गर्दी होती, त्यांना स्वतःला ताप होता, आणि पाठ कोरडी निघाली म्हणून मीच 'पास' म्हटलं होतं. काडी बांधायची राहून गेली होती. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. दुकानाचं फाटक ओढून घेतलं आणि मला म्हणाले, "भाऊ, गाडी काढा. जालन्याले जायचं आहे." ते माझ्या मागे बसले. सबंध वाटेत मी आरशात दोन-तीनदा पाहिलं, त्यांचे ओठ हलत नव्हते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सुनीता भिंतीला टेकून बसली होती. ती मोठ्याने नवस बोलत होती. आधी खण-नारळ, मग वर्षभराचे सोमवार, मग अनवाणी चालत येण्याचं, मग गळ्यातल्या मण्यांचं. एकेक देव आठवून त्याला काहीतरी देऊ करत होती. कापसाच्या लिलावात बोली वाढत जावी तसा तिचा आवाज वर चढत होता. चाचा तिच्यापुढे खाली फरशीवर बसले.

"बेटी, पंपाले काडी बांधाची म्या भुललो. माह्याकून झालं हे."

मला वाटलं होतं, ते आधी विचारपूस करतील, धीर देतील, मग हळूच सांगतील. त्यांनी पहिलंच वाक्य हे टाकलं. चाचा पुढे म्हणाले, "म्या त्याच्यासाठी मागतो. तू बी माग. पन अशी बोली नको वाढवू. तो काई अडून बसलेला नाही."

तेव्हा मात्र तिचा बांध फुटला. "कोनत्या तोंडानं मागता तुमी? तुमचं ऐकते का तो? तुमच्या सलीमले आनलं का त्यानं वापस? जा इथून."

सलीम हा चाचांचा एकुलता मुलगा. वडिलांशी भांडून सुरतेला गेला, त्यानंतर ना फोन ना निरोप. गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि चाचांसमोर त्याचं नाव कोणी काढत नसे. चाचांची बायको त्याची वाट पाहतच गेली. सुनीताच्या तोंडून ते नाव गेलं आणि तिलाही ते लागलं असावं, कारण तिने तोंड फिरवलं. चाचा उठले, तिच्या डोक्यावर ठेवायला पुढे केलेला हात मागे घेतला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

मी आत जाऊन चौकशी करून आलो. विषावरचं ॲट्रोपिन सुरू होतं. छातीत पाणी भरलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. डॉक्टर धड हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. मी पायरीवर चाचांशेजारी बसलो. खरं सांगतो, मला काळजी देविदासची होती त्याहून जास्त चाचांची वाटत होती. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी मागणारा हा माणूस आज इथून रिकामा उठला, तर त्याच्याकडे दुसरं काही शिल्लक नव्हतं.

"औषध चालू आहे न त्याचं?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे. यावर तेच औषध आहे."

"नाव काय म्हनलं?"

मी नाव सांगितलं. त्यांनी ते दोन-तीनदा जिभेवर घोळवून पाहिलं, नीट येत नव्हतं. मग दोन्ही तळवे समोर धरले आणि मला ऐकू येईल इतक्या आवाजात सुरुवात केली. देविदासच्या छातीतलं पाणी सुकव. त्याचा श्वास मोकळा कर. त्या औषधाचं नाव त्यांनी आपल्या परीने घेतलं आणि त्याला असर दे म्हणाले. नर्सबाईला झोप येऊ देऊ नको. सुनीताने सकाळपासून काही खाल्लं नाही, तिच्या पोटात काही पडू दे. 'तुझी इच्छा असेल तर' असं त्यात एकदाही आलं नाही.

मला राहवलं नाही. "चाचा, तुमच्या मनात शंका नाही आली? ती म्हणाली तशी?"

"आली न. गाडीवर सारी वाट तेच चालू होतं. कोनत्या तोंडानं मागू? चूक माही, अन् हात बी माहेच." त्यांनी तळव्यांकडे पाहिलं. "मंग म्हनलं, देविदासले वाचवायसाठी तो माह्यं तोंड पाहून थांबला असंल का? येवढा लहान आहे का तो? चूक सांगाची त सांगितली. आता मागाचं बंद केलं, त ती दुसरी चूक."

"आणि सलीमचं?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता, पण तोंडातून गेला. चाचांनी मान हलवली. "नाही देल्लं. विचारून राह्यलो त्याले, काऊन नाही देल्लं म्हनून. त्या बाबतीत नाराज आहो म्या त्याच्यावर. पन भाऊ, नाराज मानूस आपल्याच मानसावर होते. रस्त्यावरच्या परक्यावर कोन नाराज होते?"

ऊन कलल्यावर सुनीता बाहेर आली. आमच्यापासून जरा लांब बसली. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. चाचांकडे न पाहताच म्हणाली, "माह्याजवळ होतं नव्हतं ते सारं बोलून बसली म्या. आता देवाले द्यायले काईच उरलं नाही."

"मंग बरं झालं," चाचा म्हणाले. "आता नुसतं माग."

"नुसतं कसं मागू?"

"लहानपनी मायले भाकर मागत होती, तवा काय देत होती तिले?"

सुनीताने पदर तोंडावर घेतला. आत ती काय म्हणाली ते मला समजलं नाही, आणि ते बरंच झालं. थोड्या वेळाने मी कॅन्टीनमधून आणलेला पाव तिने चहात बुडवून खाल्ला. चाचांच्या यादीतली एक गोष्ट तर त्याच संध्याकाळी झाली.

देविदास वाचला. एका दिवसात नाही. छाती मोकळी व्हायला वेळ लागला, मध्येच तो बडबडायचा, कोणाला ओळखायचा नाही. मग एका सकाळी त्याने सुनीताकडे पाहून विचारलं, "भाजी कोन इकून राह्यलं?" आणि ती दवाखाना डोक्यावर घेऊन रडली. मी सगळे मार्क ॲट्रोपिनला दिले आणि चाचांना तसं बोलूनही दाखवलं. ते हसले. "म्या बी त त्यालेच असर मागितला होता. तुमचं माह्यं भांडन कुठं आहे?"

त्यानंतर बरेच हंगाम चाचांनी दुकान चालवलं. पंप टाकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी स्वतःच सांगत, की देविदासच्या पंपाला काडी बांधायची माझ्याकडून राहिली होती, तुम्ही पण नेताना एकदा पाहून घेत जा. मी म्हणायचो, कशाला आपल्या हाताने गिऱ्हाईक घालवता? काही गिऱ्हाइकं गेलीही, दुसरीकडे पंप टाकायला लागली. चाचांना धंद्याचं दुःख नव्हतं. त्या माणसांच्या घरचं आता काही कळत नाही, मग त्यांच्यासाठी मागायचं कसं, ही त्यांची खंत होती. ते अधूनमधून मला विचारत, अमुक माणूस तुमच्याकडे कसली औषधं नेतो. मी सांगू नये ते सांगत असे. देविदासने पुन्हा पंप पाठीवर घेतला नाही. त्याचा दम कायमचा कमी झाला होता. तो सुनीताच्या दुकानावर बसायला लागला, वजन करायला.

चाचांचे हात कापायला लागले तेव्हा नांदुऱ्याला दिलेली त्यांची लेक त्यांना न्यायला आली. बसस्टँडवर पोचवायला आम्ही बरेच जण गेलो होतो. चिखलीची गाडी लागली; तिथून पुढे नांदुऱ्याची धरायची होती. लेकीने सामान चढवलं, चाचांना खिडकीशी बसवलं. देविदास आणि सुनीता खिडकीखाली उभे होते. सुनीताने पिशवीतून वांगी-मिरच्या वर दिल्या, जणू नांदुऱ्याला वांगी मिळतच नाहीत.

"चाचा, तिकडं गेल्यावर आमच्यासाठी मागत जा," ती म्हणाली.

"मागीन न. पन आज म्या जाऊन राह्यलो. माह्यासाठी कोन मागते?"

चाचांनी स्वतःसाठी काही मागायला सांगितल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी गाडीच्या पाटीकडे पाहिलं. सुनीताने पिशवी खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि भर बसस्टँडवर, भाजीचा भाव सांगावा तशा खणखणीत आवाजात सुरू झाली.

"देवा, आमच्या चाचाचे हात कापतात, त्याइले घास तोंडापावतर नेता येऊ दे. गाडीत पाय धरतात, त रस्त्यात उतरायले जागा भेटू दे. लेकीच्या घरी त्याइले ओझं झाल्यासारखं वाटू देऊ नको." तिने पदराने तोंड पुसलं. "अन् सलीमले घरचा रस्ता दाखव. म्या तुले काई देनार नाही. तू दे."

चाचांनी खिडकीचा गज धरला होता. काळ्या भुवयांखालून पाणी वाहत दाढीत जात होतं. त्यांचे ओठ हलत होते. कंडक्टर घंटीची दोरी हातात धरून थांबला होता.

मग खालून देविदास, आपल्या अर्ध्या दमाने, म्हणाला, "आमीन."

कंडक्टरने घंटी मारली.